विकायला काढलेलं शेत

शेती शिकायला मी रोज हथखोजकडे जाणाऱ्या रस्त्यानं सायकल मारायचे. सेक्टर सहामधून निघायचं, सुपेल्याच्या गर्दीत ऑटो, हातठेले आणि गाईंच्या मधून वाट काढायची, आणि मग पत्र्याच्या शेड सुरू झाल्या की समजायचं, कॉलेज आलं. आमचं कम्युनिटी कॉलेज म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. खाली वेल्डिंगचं दुकान. नाशवंत माल कसा साठवावा हे सर वर सांगत असायचे आणि खाली ग्राइंडर असा किंचाळायचा की टोमॅटो का नासतो ते आम्हाला सरांच्या ओठांवरून ओळखावं लागायचं. खिडकीतून एक हिरवं पान दिसत नव्हतं. शेतीच्या व्यापाराचा डिप्लोमा इथं काढायची बुद्धी कोणाला झाली असेल, असं मला पहिल्या दिवशी वाटलं, आणि तरी तिथं जायला मी वेळेच्या आधीच घरातून निघायचे.

भिलाईत माझ्या वयाच्या पोरांना दोनच कामं असायची, कोचिंगला जाणं आणि कोचिंगहून येणं. मीही ते करून पाहिलं. वर्षभर त्या बेंचवर बसून माझे पाय खाली हलत राहायचे आणि शेजारची मुलगी वैतागून माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. परीक्षेत जे व्हायचं ते झालं. आता पुढे काय, असं बाबांनी विचारल्यावर मी या कोर्सचं नाव सांगितलं. ‘ॲग्री-बिझनेस’मधलं त्यांनी फक्त ‘बिझनेस’ ऐकलं आणि मान डोलावली. अर्धं ऐकून हो म्हणायची सवय त्यांना स्टील प्लांटातल्या आवाजानं लावली असावी.

वर्गात प्लांटच्या टाऊनशिपमधली मी एकटी. बाकी सगळे आजूबाजूच्या गावांतले, घरी धान नाहीतर टोमॅटो करणारे. माझ्या शेजारी बसायची ती धमध्याकडची. तिच्या घरी टोमॅटोचं एवढं पीक की हंगामात घरातली सगळी माणसं लाल हातांनी जेवतात, असं ती सांगायची. तिला हथखोजच्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात, पंख्याखाली नोकरी हवी होती. माझ्या वडिलांची प्लांटातली पक्की नोकरी तिला स्वर्ग वाटायची. मला तिचं शेत हवं होतं. मी तिला तसं म्हटलं तेव्हा तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि छत्तीसगढीत विचारलं, “तैं बइही हो गे हस का?” वेडी झालीस का, असं. मी हसले, पण तिचं काही चुकत नव्हतं.

कारण मला शेतीतलं काही येत नव्हतं. मला फक्त बसवत नव्हतं. आई म्हणायची, “पायाले भिंगरी लागली हाय का तुह्या?” क्वार्टरमध्ये आलं की मी पुढच्या दारातून मागच्या अंगणात आणि मागच्या अंगणातून पुढच्या दारात जायचे. आमच्या लाइनीतली सगळी घरं एकसारखी, दारं एकसारखी, भिंतींचा रंग कंपनी देईल तो. तिथं माझा जीव गुदमरायचा. आणि मला एवढं ठाऊक होतं की भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात तलावाच्या खाली आमचं एक शेत आहे, आणि ते बाबा विकायला निघाले आहेत.

त्या शेताबद्दल सांगायला हवं. माझा आजा सालदार होता, म्हणजे सालभराच्या बोलीवर दुसऱ्याच्या घरी राबणारा गडी. बाबा तरणे असताना गाव सोडून भिलाईला आले, आधी ठेकेदाराकडे लागले, मग प्लांटात पक्के झाले, आणि पगारातून वाचवून वाचवून त्यांनी ते शेत घेतलं. घेतलं, पण कसलं कधी नाही. आजा गेल्यावर ते एका चुलत काकाकडे अधियानं दिलेलं होतं. अधिया म्हणजे जमीन मालकाची, घाम करणाऱ्याचा आणि पीक अर्धं-अर्धं. आमच्या वाट्याचा तांदूळ दरवर्षी गावाहून यायचा, आई तो निवडून डब्यात भरायची, आणि शेताशी आमचा संबंध तिथं संपायचा.

आता बाबांची रिटायरमेंट जवळ आली होती. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं. शेत विकायचं आणि इथंच टाऊनशिपबाहेर लहानसं घर बांधायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. घर आईला हवं होतं. ती तसं फार बोलायची नाही, पण कोणालाही कळावं इतकं ते उघड होतं. बाबांचा ग्रेड वाढला की आमचं क्वार्टर बदलायचं, आणि प्रत्येक क्वार्टरमागे आईनं एक पेरूचं झाड लावून सोडलं होतं. सेक्टरमधून कुठं जायचं असलं तर ती मुद्दाम जुन्या लाइनीवरून जायची आणि म्हणायची, “पाह्य, आपला पेरू कोन खाऊन राहिला थे.” क्वार्टरच्या भिंतीत तिनं कधी खिळा ठोकला नाही. कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला बांधायची.

म्हणजे एकच शेत होतं. त्यातून आईचं घर निघणार होतं, नाहीतर माझी शेती.

मी बाबांना सांगितलं, शेत विकू नका, मी करीन. ते जेवत होते. हसले. “तू? तुले धान अन् गवत येगयेगळं दिसते का?”

“दिसते.”

“कुठं पाह्यलं? पुस्तकात?”

मला त्यांचा इतका राग आला की ताट तसंच ठेवून मी उठले आणि सायकल काढून सेक्टरच्या मार्केटला दोन चकरा मारून आले. परतले तर माझं ताट आईनं झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या सत्रात कॉलेजनं आम्हाला प्रत्यक्ष काहीतरी पिकवून विकायला सांगितलं. गावातल्या पोरांना काय, घरी शेत होतंच. माझ्याकडे क्वार्टर होतं. सरांनी मशरूम सुचवलं. मशरूमला माती लागत नाही, धानाचं तणस, म्हणजे पेंढा, चालतं, पण खोली हवी अंधारी, थंड, ओलसर, आणि तिथं कोणाचा त्रास नको. सर हे फळ्यावर लिहीत होते आणि मला मोठ्यानं हसू आलं. अशी खोली आमच्या घरात कितीतरी वर्षांपासून तयार होती.

ज्यांच्या घरी नाईट शिफ्ट आहे त्यांना सांगायला नको. बाबा सकाळी यायचे, आंघोळ करून झोपायचे. त्यांच्या खोलीच्या काचांवर खोक्यांचे पुठ्ठे कायमचे चिकटवलेले, दाराला गोधडी लावलेली, कूलर सुरू. आई त्या हप्त्यात कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. डाळ उघड्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजायची. मी लहानपणापासून घरात टाचा उचलून चालायला शिकले ते या खोलीमुळे. मशरूमसाठी याहून बरी जागा अख्ख्या भिलाईत मिळाली नसती.

धमध्याकडच्या मैत्रिणीनं बसच्या टपावरून तणसाचं पोतं आणून दिलं. तिकडे त्याला पैरा म्हणतात. ते आम्ही गरम पाण्यात भिजवलं, निथळलं, पिशव्यांत थर देऊन बियाणं घातलं, आणि बाबांच्या पलंगाच्या वर, रोशनदानाच्या, म्हणजे वरच्या झरोक्याच्या, गजांना दोरी बांधून पिशव्या टांगल्या. बाबा ड्यूटीवरून आले, वर पाहिलं आणि इतकंच म्हणाले, “माह्या अंगावर पडन का हे?” नाही म्हटल्यावर झोपून गेले. थकलेल्या माणसाला खाली झोपायला जागा असली की पुरे असतं. आई स्वयंपाकघरातून हळूच विचारायची, “तुहे बाबा झोपून राहिले का पिकून राहिले?”

मला मात्र धीर नव्हता. पिशव्या पांढऱ्या व्हायला लागतात, मग त्यांना चिरा द्यायच्या, पाणी शिंपडायचं आणि वाट पाहायची. वाट पाहणं माझ्याच्यानं होत नव्हतं. बाबा घोरत असताना मी दार ढकलून आत जायचे, मोबाइलच्या उजेडात पिशवीला नाक लावायचे, बाहेर यायचे, परत आत जायचे. एकदा बाबांनी डोळे न उघडता सांगितलं, “आता आली तं पिशवीसंगं मले बी कापशीन.” पाणी शिंपडायचं काम शेवटी आईनं स्वतःकडे घेतलं. तिचा हात हलका होता आणि ती दिवसातून ठरल्या वेळीच आत जायची. माझ्या नावावर जे पीक आलं त्यात तिचा हात किती होता, हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही, तिनंही नाही.

पीक चांगलं आलं. करड्या छत्र्यांचे घोस पिशव्यांतून बाहेर आले. सुपेल्यातल्या एका भाजीवालीनं हात लावून पाहिलं, वास घेतला आणि सगळं ठेवून घेतलं. पुढच्या खेपेचंही मलाच दे म्हणाली. घरी जाताना मी पूर्ण रस्ता उभ्यानं पॅडल मारत गेले. त्या संध्याकाळी आईनं मशरूमचा रस्सा केला, आमच्याकडे करतात तसा जवस घालून. बाबांनी दोनदा मागून घेतला.

“म्हंजे तुले माल विकता येते,” ते म्हणाले.

“येते.”

“बरं झालं. आपलं शेत पाहाले गिऱ्हाईक येऊन राहिलं. राईस मिलवाला हाय तिकडचा. मले त्या जमिनीचं काही सांगता येत नाही. तू चाल संगं. तूच सांग त्याले.”

कोर्सला लागल्यापासून त्यांनी पहिल्यांदा माझ्या शिक्षणाला किंमत दिली होती, आणि ती अशी. मला रडू यायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीही. मग रात्रभर कूस बदलत राहिले आणि ठरवलं, जायचं. जायचं आणि शेताची अशी बदनामी करायची की गिऱ्हाईक तिथूनच गाडी वळवेल.

दुर्गहून आम्ही पॅसेंजर पकडली. डोंगरगडचे डोंगर मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात, चुलत काकाकडून ऐकलेले शेतातले सगळे दोष जमवत होते. पावसाळ्यात पाणी तुंबतं. गाडीरस्ता नाही. तण फार. डुकरं येतात. बाबा खिडकीजवळ बसून झोपले होते. त्यांना बसल्याबसल्या झोप लागते. मला त्यांना हलवून सांगावंसं वाटत होतं की मी तुमचा सौदा मोडायला चालले आहे, पण सांगितलं नाही.

स्टेशनावरून बस आणि बसमधून उतरून पायी. धान कापून झालं होतं. कापणीच्या आधी ओलीत फेकलेली लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, बांध्यांमधून वर आली होती आणि तिला निळी फुलं धरली होती. बांध्या म्हणजे धानाचे बांध घातलेले लहान-लहान तुकडे. मिलवाला मोटरसायकल धुऱ्याला लावून उभा होता. धुरा म्हणजे शेताचा बांध. बाबांच्याच वयाचा, पांढऱ्या शर्टातला, बोलायला मऊ. तो राम राम म्हणाला, बाबा जय भीम म्हणाले, आणि दोघं सावलीत उभे राहिले. मी चपला काढल्या आणि खाली उतरले.

आणि मला खोटं बोलताच येईना.

मी ढेकूळ उचललं, ते हातात फुटलं नाही. आत ओल होती. काळी कन्हार माती, तलावाच्या पोटाखालची. मी बोलायला लागले. म्हटलं, धान निघाल्यावर ही जमीन नुसती लाखोळीवर सोडणं म्हणजे वाया घालवणं आहे. वरच्या बांध्यांत हिवाळी भाजी होईल, धुऱ्यावर तूर होईल. भाजी पहाटेच्या गाडीनं गोंदियाला गेली तर ताजी म्हणून हातोहात जाईल. पाणी तुंबतं ते या कोपऱ्यात, इथं एक नाली काढली की प्रश्न मिटतो. मी या बांधीतून त्या बांधीत जात होते, ते दोघं धुऱ्यावरून माझ्या सोबत चालत होते. मी विकत होते की मागत होते, मलाच कळत नव्हतं.

मिलवाल्यानं सगळं नीट ऐकलं. मग बाबांकडे वळून म्हणाला, “पोरगी हुशार हाय, भाऊ. अशी आवड आजकाल कोनाले असते? असं करू. जमीन मी घेतो, पन वाहाले पोरीलेच देतो. अधियानं. बियानं-खत माह्यं, मेहनत तिची. अर्धं-अर्धं.” आणि माझ्याकडे पाहून हसला. “करशीन ना बाई?”

“हो,” मी म्हणाले. “चालते मले.”

मी एक क्षणही थांबले नाही. आईला घर मिळत होतं, मला शेत मिळत होतं, कोणाचंच काही जात नव्हतं. मला वाटलं, बाबांनाही हायसं वाटेल. मी वर पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरला होता. ते मिलवाल्याला म्हणाले, “सांगतो तुमाले,” आणि वळून चालायला लागले. मी चपला हातात घेऊनच त्यांच्या मागे धावले.

स्टेशनावर गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, “तू हो कावून म्हनली?”

“मले शेत पाह्यजे, बाबा. कोनाच्या नावाचं हाय, त्याच्यानं मले काय फरक पडते?”

ते रुळांकडे पाहत होते. “तुहा आजा बी असाच हो म्हने,” ते म्हणाले. “दरसाली मालक विचारे, यंदा राहशीन ना? अन् थो हासून हो म्हने. मी बाजूले उभा राहो. मले त्याच्या त्या हासण्याची लाज वाटे. म्हनून मी पळालो. जमीन घेतली तं त्यानं एक डाव तरी धुऱ्यावर उभं राहून पाहावं म्हनून घेतली. मी काही पिकवाले घेतली नोती.”

“मंग? राह्यला उभा?”

“कुठचा. मालक झाल्यावर बी सकाळी उठून दुसऱ्याच्याच बांधीत जाये. म्हने, घरी बसवत नाही.”

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “सालभर तू मले सांगत होती, विकू नका, विकू नका. माह्या डोक्यात नाही घुसलं. पन माही पोरगी माह्याच जमिनीवर दुसऱ्याची अधियादार, अन् तीबी हासून? नाही विकत मी. तू कर. आपल्या नावानं कर.”

मला आनंद झाला. तो लपवण्याएवढी समज मला नव्हती. मी उठून फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, परत गेले. गाडीतही माझी बडबड थांबेना. कोणत्या बांधीत काय, चुलत काकाला कसं सांगायचं, कॉलेज संपल्यावर गावात कुठं राहायचं. बाबा हूं हूं करत होते. घराचा विषय आमच्यापैकी एकानंही काढला नाही. मला तो सुचला नाही, आणि त्यांना सुचला असेल तर त्यांनी तो गिळला.

आईनं दार उघडलं. भात गरम होता. तिनं बाबांच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, “झाला सौदा?”

“नाही विकत,” बाबा म्हणाले. “पोरगी करते म्हनते.”

“मंग घर?”

“पाहू. भाड्यानं राहू काही दिवस.”

आई तिथंच उभी राहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि आम्हाला जेवायला बसवलं. वाढता वाढता म्हणाली, आवाज न चढवता, रोज बोलते तशीच, “घेतानी मले कोनी विचारलं नाही. विकाचं ठरवलं तवा बी नाही विचारलं. आज नाही विकाचं ठरलं, तं आज बी नाही.”

मी वर्षभर या घरात एकच भांडण भांडत होते, की मला कोणी विचारत नाही.

“मंग आता सांग ना आई,” मी म्हणाले. “तुले काय पाह्यजे?”

“आता विचारून राहिली?” ती म्हणाली. “ठरवून आल्यावर?”

तिनं माझ्या ताटात भात वाढला, त्यावर वरण घातलं, आणि जेव म्हणाली. मला हवं होतं ते सगळं त्या दिवशी मला मिळालं होतं, आणि माझ्या शेतातल्या तांदळाचा तो भात मी ताटात नुसता कालवत बसले.